एक्क्यावर हुकूम

भिसेगावातली ती खोली मला माझ्या नोकरीमुळे मिळाली नाही आणि सज्जन चेहऱ्यामुळे तर नाहीच नाही. घरमालकांनी मला फाटकातच उभं करून एकच प्रश्न विचारला होता, "मेंढीकोट येतो का?"

साजगावच्या एका कारखान्यात मी नुकताच टेक्निशियन म्हणून लागलो होतो आणि तीन आठवडे एका सहकाऱ्याच्या ओटीवर पथारी टाकत होतो. अशा माणसाला जे विचाराल ते येतं. मी "येतो" म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं ते. चौघांनी खेळायचं, समोरासमोरचे दोघे भिडू, चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, हुकमाचा पत्ता बाकी सगळ्या पत्त्यांना मारतो, जास्त मेंढ्या ज्या जोडीकडे ती जिंकली आणि चारही आल्या तर कोट, इतकं मला माहीत होतं. त्यापुढे अंधार होता.

"किती येतो?" त्यांनी विचारलं.

"बऱ्यापैकी."

"मोजलंत का?"

हे काकांचं, म्हणजे घरमालकांचं, पालुपद. ते मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी हयात कर्जत-खालापूरच्या भातखाचरांतून साखळी ओढण्यात आणि भावाभावांच्या बांधावर हद्दीचे दगड रोवण्यात गेलेली. त्यामुळे न मोजता बोललेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. 'आज फार उकडतंय' म्हटलं तरी "मोजलंत का?" आणि 'काकूंनी आमटी मस्त केलीय' म्हटलं तरी "मोजलंत का?" त्यांच्या घरापासून कर्जत स्टेशनपर्यंत किती पावलं, ते फाटकाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं असे. पायात नवीन चपला आल्या की तो आकडा बदलत.

घरभर चुन्याच्या खुणा. माझ्या चपलांसाठी दाराशी एक पांढरा चौकोन होता. चपलेचं टोक बाहेर गेलं की "अतिक्रमण!" अशी आरोळी येई. एकदा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर फळीखाली भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला. लोणच्याच्या बरणीची चतुःसीमा. पूर्वेस मिठाचा डबा, पश्चिमेस खिडकी, दक्षिणेस भिंत, उत्तरेस मोकळी जागा. खाली सही. काकू रोज ती बरणी दोन बोटं उत्तरेला सरकवून ठेवत आणि काका रोज ती जागेवर आणत. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र कधी काही दिसायचं नाही.

अशा घरात मी भिडू म्हणून राहायला आलो.

रविवारी दुपारी जेवणं झाली की पडवीत डाव मांडला जाई. समोरच्या जोडीला शेजारचे भाऊ आणि त्यांची बायको. भाऊंची दहिवलीच्या बाजूला भातशेती होती. त्या दोघांना आम्ही भाऊ आणि वहिनी म्हणत असू. नवरा-बायको एकमेकांकडे न बघता असे खेळत की दोघांच्या डोक्यात एकच तार ओढल्यासारखं वाटे. आणि इकडे काका आणि मी. पहिल्याच रविवारी मी आमची मेंढी आपण होऊन भाऊंच्या हातावर नेऊन टाकली. काकांनी पत्ते खाली ठेवले, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "तुला शत्रूने पाठवलंय का रे?"

काकू आतल्या दाराशी बसून तांदूळ निवडत असत. पत्त्यांकडे त्यांची पाठ. पण मी चुकीच्या पत्त्याला हात घातला की त्यांच्या सुपातली फडफड एकदम थांबायची. चार-पाच रविवारांत माझ्या ध्यानात आलं की या घरातला खरा पत्तेबाज सूप घेऊन बसलाय.

"मग काकू का नाही खेळत?" मी एकदा भाऊंना बांधावर गाठून विचारलं.

भाऊंनी विडी विझवली. "आरं बाबा, वीस वर्सं व्हतील. आमी चौघंच खेळत होतो. मोजणीदारानं एक्का टाकला. हात त्यांचाच. आन् काकूनं त्या एक्क्यावर हुकूम मारला."

"आपल्याच भिडूच्या एक्क्यावर?"

"आपल्याच नवऱ्याच्या! मोजणीदार उठलं, पत्ते फेकलं. म्हनलं, आजपासून तुज्यासमोर भिडू म्हनून बसनार नाय. काकू म्हनत होती, आवं डाव तरी पुरा होऊ द्या. पन ऐकतंय कोन! तसंच रागानं चालत पार साजगावाकडल्या शिळफाट्यापर्यंत गेलं, पावलं मोजत. येताना सोळा कमी भरली म्हनून आनखी चिडलं."

तेव्हापासून काकांच्या समोरची जागा भाडेकरूची. माझ्याआधी सात भाडेकरू होऊन गेले होते. काही चांगले खेळायचे, पण त्यांच्या बदल्या झाल्या. मला याचा राग आला, खरंच आला. डाव पुरा न करता उठणारा माणूस वीस वर्षं ताठ्यात, आणि जिला खेळ येतो ती तांदूळ निवडतेय. पण मी बोलणार काय? माझी खोली माझ्या पत्त्यांवर उभी होती, आणि माझे पत्ते हे असे. "आणखी महिनाभर बघतो," काकांनी मला सुनावलं होतं. "नाही सुधारलास तर दुसरा भाडेकरू बघावा लागेल. माझाही इलाज नाही."

त्याच महिन्यात आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांच्या मुलाने आपला जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला काढला आणि मी तो उचलून आणला.

आज कॉम्प्युटर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसलं ते काही नव्हतं. पोळ्यांच्या डब्याएवढा कीबोर्ड, तो वायरीने टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम ठेवायला साधी गाण्याची कॅसेट. टेपरेकॉर्डर लावायचा, त्यातून दहा मिनिटं किंकाळ्या ऐकायच्या, आणि सगळं सुरळीत झालं तर शेवटी प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये चढायचा. हे यंत्र दोन घरं फिरून आलं होतं आणि त्याची एक कळ इतकी रुसलेली होती की ती उलथण्याच्या दांड्याने दाबावी लागे.

मी दोन महिने खपून त्याला मेंढीकोट शिकवला. त्याला मिळालेले तेरा पत्ते आधी टाइप करायचे, मग बाकीचे जे जे खेळतील ते टाइप करत जायचं, की पडद्यावर उत्तर यायचं: अमुक पत्ता टाका. हेतू सरळ होता. माझ्या जागी ते बसेल आणि मी खोलीत राहीन. मुदतीचा महिना संपला तेव्हा मी काकांना अर्धवट प्रोग्राम दाखवला. त्यांनी "याची मोजणी चालू आहे" म्हणून मला आणखी एक महिना दिला.

काकांनी ते यंत्र ताबडतोब आपल्या हद्दीत घेतलं. टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमीजास्त झाला तरी प्रोग्राम चढायचा नाही, म्हणून आवाजाच्या बटणावर त्यांनी लाल रंगाने हद्दीची खूण केली. प्रोग्राम चढत असताना घरात चालायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, मोठ्याने खोकायचं नाही. ते स्वतः फाटकाशी उभे राहून रस्त्यावरच्या माणसांना हाताने थोपवत, "हळू जा, हळू. चढतोय!" आतून त्या किंकाळ्या. दोन गल्ल्या पलीकडच्या एका बाईंनी काकूंना विचारलं म्हणे, की तुमच्याकडे कुणाला ताप चढलाय का.

प्रश्न एकच उरला. टाइप कोण करणार? रविवारी दुपारी आता माझी बऱ्याचदा दुसरी पाळी लागू लागली होती. भाऊ-वहिनींच्या हातात त्यांचे पत्ते. राहता राहिल्या काकू.

काकांनी याचा दोन दिवस विचार केला. मग पडवीत येऊन निकाल सांगितला. "भिडू यंत्र आहे. ही फक्त त्याचे पत्ते धरणार. मोजणीत साखळी धरणारा माणूस वेगळा आणि मोजणीदार वेगळा. साखळी धरणारा नकाशा काढत नाही. त्यामुळे शपथेला बाध येत नाही."

"काय गं, जमेल ना?" वहिनींनी डोळे मिचकावत काकूंना विचारलं.

"साखळी धरायला काय लागतं," काकू म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं.

तर काकांच्या समोर स्टुलावर टीव्ही. पडदा काकूंकडे आणि टीव्हीची पाठ काकांकडे, कारण भिडूचे पत्ते दिसणं म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात खुंटी ठोकणं, असं त्यांचं म्हणणं. शेजारी काकू, मांडीवर कीबोर्ड, जवळ उलथणं.

आता खरं सांगतो, माझा प्रोग्राम माझ्यासारखाच खेळायचा. हुकूम लवकर संपवायचा, मेंढ्या भाऊंना बहाल करायचा. काकू पडद्यावर आलेला पत्ता निमूटपणे टाकत, पण टाकण्याआधी एक सुस्कारा ऐकू येई. आणि काका? माझ्यावर कडाडणारे काका त्या टीव्हीच्या पाठीला म्हणायचे, "असू दे, असू दे. नवीन आहे. शिकेल." एकदा तर चारही मेंढ्या गमावल्यावर त्यांनी टीव्हीवर हात फिरवला. काकू उठून आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आपटून घासू लागल्या.

मग तो प्रसंग घडला, ज्याचं मला अजून हसू येतं.

एवढी मौल्यवान वस्तू आणि तिच्यावर मालकाचं नाव नाही, हे काकांना खटकत होतं. मी कामावर गेलो असताना त्यांनी कॅसेट लावली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि सुरुवातीलाच, खणखणीत सरकारी आवाजात बोलले. "सदर कॅसेट मौजे भिसेगाव, तालुका कर्जत येथील असून, तीत मेंढीकोटाचा प्रोग्राम आहे. तिच्या पूर्वेस रेडिओ, पश्चिमेस देव्हारा, दक्षिणेस भिंत, उत्तरेस वहिवाटीची वाट. इतरांनी हरकत अगर अडथळा करू नये." मग कॅसेट उलटी करून, दुसऱ्या बाजूच्याही सुरुवातीला हेच. माझ्याकडे प्रोग्रामची दुसरी प्रत होती, आणि ती त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला होती.

रविवारी मला सुट्टी होती. मी टेप लावला. आधी काकांचा आवाज आला, मग किंकाळ्या. दहा मिनिटांनी पडद्यावर फक्त एक ठिपका लुकलुकत राहिला. प्रोग्रामचं डोकंच चतुःसीमेखाली गाडलं गेलं होतं. दोन महिन्यांची माझी मेहनत गेली. 

"चढला ना?" काकांनी पत्ते पिसत विचारलं. चेहऱ्यावर इतका अभिमान, की 'तुम्हीच पुसलात' हे मला म्हणवेना. "हल्ली कोण कुठे हात लावील सांगता येत नाही. आता कागदोपत्री पक्कं झालं."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी त्या लुकलुकत्या ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग शांतपणे तेरा पत्ते उचलले, पंख्यासारखे लावले, उलथण्याने दोन कळा टकटक दाबल्या आणि म्हणाल्या, "चढला."

आणि खेळू लागल्या.

त्या दुपारी काकांनी चार डाव सलग जिंकले. पाचव्यात कोट केला. "बघितलंत?" ते भाऊंना म्हणाले. "आपण कोणाचे हे कळल्यावर यंत्रसुद्धा नीट वागतं!"

"व्हय, व्हय," भाऊ म्हणाले. हसू लपवताना त्यांना ठसका लागला. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

असे सात रविवार गेले. काकूंचा नूर बदलला. डाव मांडायच्या आधी त्या वेणी घालून येऊ लागल्या. लोणच्याची बरणी जागेवर राहू लागली. काका तर वाटेत भेटेल त्याला थांबवून यंत्राचं कौतुक सांगत. "काय डोकं आहे! माझ्या हातात काय आहे ते पाठमोरं बसून ओळखतं! असा भिडू मला उभ्या जन्मात मिळाला नाही." हे बोलणं काकूंसमोरही होई. त्या ऐकत आणि नखांवरून हात फिरवत राहत.

मला मात्र झोप लागेना. काकांना कळलं तर काय, हा घोर. माझी खोली जाईलच, पण काकूंच्या हातातले पत्ते पुन्हा काढून घेतले जातील आणि सूप परत येईल, याचं मला जास्त वाईट वाटत होतं.

आठवा रविवार. एप्रिलची दुपार, डोक्यावर पंखा गरगरतोय, तरी सगळे घामाघूम. त्या दिवशीही मी घरीच होतो. प्रोग्राम नेहमीप्रमाणे 'चढला'. काका पत्ते वाटत होते आणि तेवढ्यात लाइट गेली.

पंखा मंदावत मंदावत थांबला. टीव्हीच्या पडद्यावरचा ठिपका विझला. मी बघितलं, वहिनींनी बघितलं, भाऊंनी बघितलं. काकांना फक्त टीव्हीची पाठ दिसत होती, आणि हातात पत्ते आले की त्यांना आसपास आग लागली तरी कळत नसे. काकूंनी काळ्या पडद्याकडे एकदा बघितलं. मग काहीच झालं नाही अशा थाटात उलथण्याने कळ दाबली आणि पत्ता टाकला. 

डाव चांगला रंगला. हुकूम बदाम. दहा हात झाले तेव्हा काकांच्या जोडीकडे तीन मेंढ्या होत्या. चौथी, चौकटची, अजून कुणाच्या तरी हातात होती. प्रत्येकाकडे तीन-तीन पत्ते. उतारी काकांची. त्यांनी इस्पिकचा एक्का असा काही आपटला की स्टूल हललं.

वहिनींनी इस्पिकची सत्ती टाकली. आता भिडूची पाळी.

काकूंनी आपल्या तीन पत्त्यांकडे खूप वेळ बघितलं. या वेळी त्यांनी उलथण्याला हात लावला नाही. त्यांनी बदामचा राजा काढला आणि काकांच्या एक्क्यावर ठेवला.

हुकूम. भिडूच्याच एक्क्यावर.

काका उभे राहिले.  पत्ते धरलेला हात वर गेला. मला वाटलं, आता निघाले हे शिळफाट्याला.

"आवं मोजणीदार," भाऊ म्हणाले, "मशीनवर काय रागावता? त्याला काय बायको समजलात का? डाव पुरा करा की."

काकांनी टीव्हीच्या पाठीकडे बघितलं. यंत्रावर रागावून जायचं कुठे, हे त्यांना कळेना. ते हळूहळू खाली बसले.

भाऊंकडे इस्पिक नव्हतं. त्यांनी एक फुटकळ पत्ता टाकला. हात काकूंचा. काकूंनी बदामची राणी उतरवली. भाऊंना त्यांचा शेवटचा हुकूम, बदामचा गुलाम, द्यावा लागला. आता कुणाकडेच हुकूम उरला नाही. मग काकूंनी शेवटचा पत्ता ठेवला. चौकटची मेंढी. तिच्यावर मारायला कुणाकडे काही नव्हतं.

चौथी मेंढी. कोट.

काका पत्त्यांकडे बघत राहिले. मग बोटाने हात उलटे मोजत गेले, मोजणी तपासतात तसे. "मेंढी माझ्या एक्क्यावर टाकली असती, तर भाऊंनी गुलामाने मारून नेली असती," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणून आधी हात स्वतःकडे घेतला. मग गुलाम ओढला. मग मेंढी." मग मान डोलावली. "यंत्राचं बरोबर होतं."

हे म्हणून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि वर पंख्याकडे बघितलं. पंख्याची पाती स्थिर होती.

"लाइट कधी गेली?"

"मगाशीच की," भाऊ बेसावधपणे बोलून गेले. "तुमी पत्ते वाटत होता तवाच." वहिनींनी त्यांना चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

काका उठले. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच ते स्टुलाला वळसा घालून पडद्यासमोर आले. काळ्या पडद्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसला असणार. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅसेट, चतुःसीमा, पुसलेला प्रोग्राम, सात रविवार आणि आजचा आठवा. सांगताना मनातल्या मनात मी माझी ट्रंक बांधत होतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. काकू पत्ते गोळा करून कडा जुळवत होत्या. काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं गं?"

कोणत्या दिवशी, हे कुणी विचारलं नाही.

"हुकूम किलवर होता," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही, आठवावंही लागलं नाही. "किलवरचा राजा, किलवरची राणी आणि इस्पिकची मेंढी. डाव पुरा होऊ द्या म्हणत होते मी."

काका म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली."

"वीस," काकू म्हणाल्या. "मोजलीत का?"

वहिनी डोळे पुसत हसत होत्या की हसत डोळे पुसत होत्या, मला सांगता येणार नाही. 

काकांनी टीव्ही स्वतःच्या हाताने उचलला आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवला. परत येऊन धोतराने स्टूल पुसलं. "बस," म्हणाले. काकू बसल्या. काका पत्ते पिसायला लागले, तर निम्मे हातातून गळून पडले. ते गोळा करून पुन्हा पिसले, भाऊंना कापायला दिले, वाटले.

तिसऱ्याच हाताला काकांनी इस्पिकचा एक्का आपटला आणि काकूंनी त्याच्यावर हुकूम मारला.

 काकूंनीच जीभ चावली. त्यांच्या अंगठ्याखाली इस्पिकची पंजी दडून बसली होती आणि भरल्या डोळ्यांना ती दिसलीच नव्हती. ही चूक होती, शंभर टक्के चूक. शेंबड्या पोरानेही केली नसती अशी.

काकांचा चेहरा लाल झाला. पत्ते धरलेला हात वर गेला, तिथेच थांबला, आणि मग हळूहळू परत मांडीवर आला.

"असू दे," ते म्हणाले. "डाव पुरा होऊ दे."

त्या डावात भाऊंनी त्यांच्यावर कोट केला. मी मोजलंय.